तोटी पाणी ओढते तेव्हा

पाणी जायची वेळ झाली की तोटीची धार बारीक होते. मग ती तुटते. मग नुसते थेंब पडतात. आणि कधी कधी शेवटी तोटीतून 'सूं' असा आवाज येतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कोणत्याही चाळीत विचारा. हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपण म्हणतो, "गेलं बाई पाणी!" आणि तोटी बंद करून कामाला लागतो.

आज आम्ही त्या आवाजाविषयी सांगणार आहोत.

एक दिवस असे करून पाहा. पाणी जायच्या वेळी तोटी उघडी ठेवा. कागदाचा एक तुकडा ओला करून तिच्या तोंडाशी धरा. कधी कधी कागद तोटीला चिकटून बसतो. जणू आतून कोणी त्याला ओढत आहे. त्या वेळी तोटी पाणी देत नाही, ती ओढून घेते. तोंडाशी हवा असेल तर हवा ओढते. तोंड पाण्यात बुडलेले असेल तर पाणी ओढते. ते पाणी पिण्याचे आहे की कपडे धुतलेले, हे तोटीला कळत नाही. ते आपण पाहायचे असते.

पाणी उलटे का फिरते?

मुंबईला नळाचे पाणी आले त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. १८९२ साली तानसा तलावाचे आले. १९५७ साली वैतरणा नदीवरचे मोडकसागर धरण झाले. त्यानंतरही धरणे होत गेली. हे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध करतात. गाळ काढतात, गाळून घेतात, जंतू मरावेत म्हणून क्लोरीन घालतात. मग ते मोठ्या नळांतून शहरातल्या उंच टाक्यांत येते. मलबार हिलवरच्या बागेखाली अशी एक मोठी टाकी आहे. परळ-शिवडीकडे गोलंजी टेकडीवरही टाकी आहे. उंचावरून पाणी खाली येते, म्हणून त्याला जोर असतो.

पण हा जोर चोवीस तास नसतो. प्रत्येक भागाची पाण्याची वेळ ठरलेली असते. महापालिकेचे चावीवाले येतात, रस्त्यातली चावी फिरवतात आणि पाणी सुरू होते. पुन्हा चावी फिरवली की बंद होते. बंद झाल्यावर नळातले उरलेले पाणी खाली सरकू लागते. तळमजल्यावर कोणाची तोटी उघडी असली तर ते तिथून निघून जाते. मागे नळ रिकामा होतो. रिकामा नळ वरून मिळेल ते ओढतो.

रेशनचे रॉकेल मिळत असे, तेव्हा दुकानदार पिंपातून रॉकेल कसे काढायचा ते आठवा. रबरी नळीचे एक टोक पिंपात, दुसरे खाली डब्यात. एकदा ओढ लागली की रॉकेल आपोआप येत राहायचे. कोणी ढकलावे लागत नसे. पाणी उलटे फिरते ते असेच. ही झाली ओढ.

दुसरे कारण म्हणजे ढकल. इमारतीच्या गच्चीवर टाकी असते. तिच्यातल्या पाण्याचे वजन खालच्या नळावर येते. काही इमारतींत गच्चीच्या टाकीचा नळ आणि महापालिकेचा नळ एकमेकांना जोडलेले असतात. मध्ये फक्त एक चावी. ती कोणी उघडी विसरला, की महापालिकेचा जोर कमी होताच टाकीतले पाणी उलटे रस्त्याच्या नळाकडे धावते. टाकीत उंदीर पडला असेल, शेवाळे धरले असेल, तर तेही सोबत जाते.

एका चाळीची गोष्ट

समजा, लालबागमध्ये तीन मजल्यांची एक चाळ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे तान्हे नातवंड आहे. मोरीत पिंप ठेवून त्यांनी दुपटी भिजवली. तोटीला रबरी नळी लावून ती पिंपात सोडली. नळी उडू नये म्हणून तिचे तोंड पार तळाशी घातले. तेवढ्यात पाणी गेले. काकू तोटी बंद करायला विसरल्या. खाली तळमजल्यावरच्या वहिनींनी पाणी आले का म्हणून तोटी उघडून पाहिली. थोडे पाणी आले. वहिनींनी ते कळशीत धरले. "चला, जाता जाता तरी कळशी भरली!" असे म्हणून त्यांना बरेच वाटले.

ते पाणी रस्त्यावरून आलेले नव्हते. ते काकूंच्या पिंपातून आले होते.

पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. हगवण दोनचार दिवसांत दिसते. विषमज्वराला आठवडा-दोन आठवडे लागतात. पाण्यातून होणारी कावीळ तर कित्येक आठवड्यांनी दिसते. मूल आजारी पडते तेव्हा आपण म्हणतो, बाहेरचे काही खाल्ले असेल, वडापावची गाडी घाण असेल. महिन्यापूर्वीच्या त्या कळशीची आठवण कोणालाच होत नाही. काकूंनी मुद्दाम काही केले नाही. वहिनींनीही निष्काळजीपणा केला नाही. दोघींच्या मध्ये एक नळ होता आणि त्या नळात पाण्याला परत फिरायला वाट होती, एवढेच.

हे केवळ चाळीतच होते असे समजू नका. अमेरिकेत शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. दूरदूरचे लोक आले आणि तिथल्या मोठ्या हॉटेलांत उतरले. त्यांतल्या दोन हॉटेलांच्या जुन्या नळकामात घाण पाणी आणि पिण्याचे पाणी एकत्र झाले. आमांशाची साथ पसरली. लोक आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे कारण शोधायला वेळ लागला. ९८ माणसे दगावली. हॉटेले श्रीमंतांची होती. पण नळ श्रीमंत-गरीब पाहत नाही.

पहिला उपाय: चार बोटांची फट

सगळ्यांत चांगल्या उपायाला पैसा लागत नाही. तोटीचे किंवा नळीचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर ठेवावे. किती वर? अर्ध्या इंची नळाला निदान एक इंच तरी फट हवी. आम्ही सांगतो, चार बोटे ठेवा, म्हणजे चूक होणार नाही. ही फट पाण्यापासून मोजायची नाही, भांड्याच्या काठापासून मोजायची. कारण भांडे कधीतरी काठोकाठ भरतेच.

फट असली की तोटी फक्त हवा ओढू शकते, पाणी ओढू शकत नाही. या फटीत स्प्रिंग नाही, रबर नाही. ती गंजत नाही आणि बिघडत नाही.

हाच नियम टाकीला लावा. पाणी आत सोडणाऱ्या नळाचे तोंड जादा पाणी बाहेर जायच्या नळाच्या वर असावे. टाकीतला फुगा अडकला तरी पाणी नळाच्या तोंडापर्यंत चढता कामा नये. संडासातली फवारणी बादलीत बुडवून ठेवू नये, ती भिंतीवरच्या आकड्याला अडकवावी. आणि रबरी नळी वापरून झाली की तोटीवरून काढून ठेवावी.

दुसरा उपाय: एकमार्गी वाल्व

जिथे फट ठेवता येत नाही, तिथे वाल्व बसवतात. प्लंबर त्याला 'नॉन-रिटर्न' किंवा नुसते 'एनआरव्ही' म्हणतात. तो पाणी एकाच बाजूने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही.

सायकलच्या ट्यूबचा वाल्व सगळ्यांनी पाहिला आहे. पंपाने हवा आत जाते, पण पंप काढला तरी बाहेर येत नाही. नळातल्या वाल्वचे काम तेच. आपल्या हृदयातही अशाच झडपा आहेत. रक्त पुढे जाते, मागे येत नाही.

घरगुती वाल्व दोन तऱ्हेचे असतात. पहिल्यात एक लहानसे झाकण बिजागरीवर टांगलेले असते. पाणी आले की झाकण उचलले जाते, पाणी थांबले की आपल्या वजनाने खाली पडते. दुसऱ्यात स्प्रिंग असते. पाण्याचा जोर स्प्रिंगला दाबतो आणि वाट उघडते. जोर गेला की स्प्रिंग वाट बंद करते.

दोन्हींच्या अंगावर बाण असतो. पाणी ज्या दिशेने जायचे, त्या दिशेला बाण हवा. झाकणाचा वाल्व आडव्या नळावर झाकणाची टोपी वर करून बसवावा, किंवा पाणी खालून वर जाते अशा उभ्या नळावर बसवावा. पाणी वरून खाली येते अशा नळावर झाकण बंद राहत नाही, लोंबकळत राहते.

पंपाच्या वरच्या नळावरही असा वाल्व असतो. आणि पंपाचा नळ जमिनीखालच्या टाकीतून पाणी उचलत असेल तर त्याच्या तळाशी 'फूट वाल्व' असतो. तोही याच जातीचा.

वाल्व बिघडला हे कसे ओळखावे?

वाल्व बोलत नाही, पण खुणा देतो. पंप बंद केल्यावर वरचे पाणी उलटे खाली येताना आवाज येतो. पंप सकाळी पाणी धरत नाही, दर वेळी वरून पाणी ओतावे लागते. महापालिकेचे पाणी बंद असताना मीटरचा काटा उलटा सरकतो. सकाळचे पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे येते. यांतली एक खूण दिसली तरी वाल्व तपासावा. गढूळ पाण्याला दुसरेही कारण असू शकते. गल्लीतला नळ फुटला असेल तर शेजारच्या इमारतीतही तसेच पाणी येईल. तेव्हा शेजारी विचारावे आणि महापालिकेकडे तक्रार नोंदवावी.

तपासायची रीत सोपी आहे. मात्र त्यासाठी आधी एक सोय करून घ्यावी. मीटरनंतरची मुख्य चावी आणि वाल्व यांच्या मध्ये एक लहान तोटी बसवून घ्यावी. मग मुख्य चावी बंद करा. वाल्वच्या पुढचा, घराकडचा नळ भरलेला असू द्या. आता ती लहान तोटी उघडा. थोडे पाणी पडून थांबले तर वाल्व ठीक आहे. धार चालूच राहिली तर पाणी वाल्वमधून मागे येत आहे.

साफसफाई आणि दुरुस्ती

बहुतेक वेळा वाल्व मोडलेला नसतो. त्यात गंजाचा कण, वाळू किंवा तागाचा धागा अडकलेला असतो. झाकण पूर्ण बसत नाही आणि पाणी मागे झिरपते. असा वाल्व साफ केला की पुन्हा चालतो. काम या क्रमाने करावे:

१. पाण्याची वेळ नसताना काम काढावे. मजल्यावरच्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे ते पाणी भरून ठेवतील.

२. पंप असेल तर त्याचे बटण बंद करून फ्यूजही काढावा. ओल्या हाताने बटणाला हात लावू नये.

३. वाल्वच्या दोन्ही बाजूंच्या चाव्या बंद कराव्यात. खाली बादली ठेवावी.

४. एका पान्याने वाल्वचे अंग धरावे आणि दुसऱ्याने टोपी फिरवावी. एकाच पान्याने जोर लावला तर नळ पिळवटतो आणि जुना जोड तुटतो.

५. टोपी निघाल्यावर झाकण बोटाने उचलून सोडावे. ते आपणहून खाली पडले पाहिजे. अडकत असेल तर बिजागरीच्या खिळ्यापाशी गंज असतो.

६. झाकण जिथे टेकते त्या कड्याला बैठक म्हणतात. बैठक ओल्या फडक्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावी. सुरी किंवा पॉलिशपेपर लावू नये. बैठकीवर चरा पडला की वाल्व कायमचा गळतो.

७. झाकणाखालचे रबरी वायसर कडक झाले असेल, चिरले असेल, तर बदलावे. नवे वायसर त्याच मापाचे आणि पिण्याच्या पाण्याला चालणारे घ्यावे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावू नये.

८. टोपीच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. पट्टी आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी, उलट गुंडाळली तर निघून येते. जुनी रीत ताग आणि सफेद्याची होती. जुन्या सफेद्यात शिसे असे आणि शिसे पोटात जाणे वाईट.

९. चाव्या हळूहळू उघडाव्यात. पहिले पाणी पिऊ नये. ते फेकूही नये, बादलीत धरून जिना धुवायला वापरावे. मग वर सांगितल्याप्रमाणे वाल्व पुन्हा तपासावा.

स्प्रिंगचा लहान वाल्व बहुधा उघडून दुरुस्त करण्याजोगा नसतो. तो बदलावा. बैठकीवर चरे पडले असतील तर झाकणाचा वाल्वही बदलावा.

काही कामांना मात्र स्वतः हात लावू नये. मीटर, त्याचे सील आणि मीटरच्या अलीकडचा नळ यांचे काम महापालिकेला कळवून परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. आणि जमिनीखालच्या टाकीत फूट वाल्व पाहायला कोणीही एकट्याने उतरू नये. बंद टाकीत श्वास घेण्याजोगी हवा नसते. एक माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. हे काम माहीतगार माणसांकडूनच, पुऱ्या साधनांनिशी करून घ्यावे.

वर्षातून दोनदा वाल्व तपासावा. एकदा मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. तपासल्याची तारीख वाल्वजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी. आता तुम्हाला लिहिता येते. ही तारीख तुम्हीच लिहा.

वाल्व काय करू शकत नाही?

वाल्व म्हणजे गाळणी नव्हे. रस्त्यातल्या नळात घाण शिरली तर ती वाल्वमधून पुढे येणारच, कारण ती पुढच्या दिशेने येते. म्हणून पावसाळ्यात पिण्याचे पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. काही जण महापालिकेच्या नळालाच पंप लावतात. आपल्याला दोन हंडे जास्त मिळतात, पण शेजाऱ्याची तोटी कोरडी पडते. शिवाय जुन्या नळाचा जोड गटाराजवळ फुटलेला असेल तर पंपाच्या ओढीने गटाराचे पाणी नळात शिरते. ते पहिल्याने कोणाच्या घरात येते? ज्याने पंप लावला त्याच्याच. असा पंप लावायला महापालिकेची मनाई आहे.

खर्च कोणी करावा?

आमच्या रात्रीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अहो गुरुजी, नळी बुडवणार वरची, आणि वाल्वला पैसे भरणार आम्ही खालचे? हा कुठला न्याय?"

आजींचा प्रश्न खरा होता. आम्ही विचारले, "आजी, तुमच्या खोलीखाली कोणी राहतं का?"

"खाली कोण राहणार? आम्ही तळमजल्याला."

"मग तुमचा नळ कुठे जातो?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गल्लीतल्या नळाला. म्हणजे पलीकडच्या चाळीत."

हेच आम्हाला सांगायचे आहे. नळावर सगळ्यांत खालचा असा कोणीच नसतो. आपल्या पुढे नेहमी कोणीतरी असते. म्हणून वाल्वचा खर्च सगळ्या खोल्यांनी मिळून करावा. चाळीच्या सभेत गणपतीची वर्गणी ठरते, तसाच हाही विषय काढावा. एकाने पुढाकार घ्यावा आणि दोघांनी काम पाहावे. आता पुष्कळ चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. तिथेही गच्चीवर टाकी आहे, खाली पंप आहे आणि मध्ये वाल्व आहे. तो कुठे बसवला आहे, हे राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे.

आणि वाल्व बसेपर्यंत? तोवर आजच संध्याकाळी आपल्या मोरीत जा. पिंपातली नळी बाहेर काढा. तोटी आणि पिंपाचा काठ यांच्या मध्ये चार बोटे ठेवून पाहा. उद्या पाणी जाताना तोटी 'सूं' करील. करू द्या. तिच्या तोंडाशी हवा असेल, तर ती हवाच ओढील.

प्रश्न

१. तोटी पाणी केव्हा ओढून घेते?
२. चार बोटांची फट भांड्याच्या काठापासून का मोजायची?
३. वाल्ववरचा बाण काय दाखवतो?
४. वाल्वची बैठक सुरीने का खरवडू नये?
५. तुमच्या इमारतीत वाल्व कुठे आहे? तो शेवटी कधी तपासला? विचारून वहीत लिहा.